भिंतीपलीकडची मालिका

“टीव्ही चालू हाय म्हणजे बघणारं बी तिथंच बसलंय, असं समजत जाऊ नको, बेटी.”

फरिदाबी हे म्हणाल्या तेव्हा मी हसले होते. घरात कार्टूनचं गाणं वाजत होतं, मी ओट्याशी भाकरी थापत होते आणि आरोही टीव्हीसमोर आहे असं धरून चालले होते. आरोही परसात होती, भिंतीचा पोपडा काढून खात होती. फरिदाबींनी पलीकडून बघितलं आणि हाक मारली. मी पोरीच्या तोंडात बोट घालून चुना काढला, “हो चाची, कळलं” म्हटलं आणि तव्यावरची भाकरी करपली म्हणून आत पळाले. मोठ्या माणसांना टीव्हीबद्दल काही ना काही बोलायचंच असतं, असं मला वाटलं.

ही भूममधली गोष्ट. कृष्णराज, म्हणजे माझे मिस्टर, वीज खात्यात आहेत. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत आम्ही भाड्यानं राहायचो आणि आमच्या परसाला लागून फरिदाबींचं परस. मधे एक भिंत, माझ्या हनुवटीला येईल एवढी. फरिदाबी बुटक्या. त्या पलीकडून सिमेंटच्या ठोकळ्यावर चढायच्या, तरी नाकाच्या वरच दिसायच्या. दोन वर्षं मी त्यांच्याशी बोलले ती त्यांच्या डोळ्यांशी आणि डोक्यावरच्या पदराशी. त्यांचे आयुबमियां जाऊन सात वर्षं झालेली, बांगड्यांचं दुकान विकलेलं, मुलगा फिरोज पुण्यात कंपनीत. घरात त्या एकट्या.

आरोही दोन वर्षांची झाली तरी बोलेना. “आ” आणि “म्म” एवढंच. मी रोज मोजायचे, आज किती आवाज काढले. बार्शीच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, “कान चांगले आहेत. घरातला टीव्ही बंद करा. मोबाइल दाखवणंही बंद.” मी त्याच दिवशी टीव्हीची वायर काढली, गुंडाळली आणि कपाटाच्या वर ठेवून दिली. कृष्णराज म्हणाले, “अगं, बातम्यांपुरता तरी?” मी म्हटलं, “नाही म्हणजे नाही.”

पण माझी एक वेगळीच पंचाईत झाली. आम्हा कॉलेजच्या पाच मैत्रिणींचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. दुसरं काही नाही, काल रात्री काय बघितलं आणि कसं वाटलं, एवढंच. तुळजापूरची करिश्मा सासरच्या लॉजच्या काउंटरवर बसून सकाळी सकाळी आवाज पाठवते, मागं भाविकांची बडबड, “एसी नाही का हो खोलीत?” वगैरे, आणि ही मधेच, “बघितलं का गं काल? मी तर रडले.” कॉलेजात असताना भित्तिपत्रकावर सिनेमाचं परीक्षण मी लिहायचे, त्यामुळं ग्रुपवर माझ्या मताला वजन. आता टीव्हीच बंद केला असं सांगायची मला लाज वाटली. सांगितलं असतं तर आरोहीचं सांगावं लागलं असतं.

ही अडचण फरिदाबींनी सोडवली, त्यांच्या नकळत. ग्रुपवरच्या सगळ्या बघायच्या त्या मालिकेचा रात्रीचा भाग त्यांच्या नमाजाच्या वेळेत यायचा, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला तोच भाग परत लागायचा तो त्या बघायच्या. सव्वादोनला परसात यायच्या, ठोकळ्यावर चढायच्या आणि उलथन्यानं भिंतीवर तीनदा ठोकायच्या. टक टक टक. आरोही चमचा घेऊन धावायची आणि अलीकडून तीनदा ठोकायची. मग सुरू.

“आज त्या बटाट्यानं काय केलं सांगू?” बटाटा म्हणजे मालिकेतला नवरा. पात्रांची नावं फरिदाबींनी कधी घेतली नाहीत. नायिका ‘लांब वेणीवाली’, तिची सासू नुसती ‘म्हातारी’, तीही फरिदाबींपेक्षा पंधरा वर्षांनी लहान असेल. “आईला सांगितलं न्हाय, बायकोला बी न्हाय. मंग सांगितलं कुणाला? आरशाला! अर्धा तास आरशासमोर उभा. आमचे आयुबमियां असे उभे राहिले असते तर दुकान कुणी उघडलं असतं?”

किंवा, “दवाखान्यात मरायला टेकली बया आन् कानात झुमके! तौबा. मला बाळंतपणाला नेलं तवा नर्सनं नाकातली चमकीसुद्धा काढून ठिवली होती.”

आणि त्यांची कायमची तक्रार, “त्या घरात भाजी कोण आणतं गं? तीनशे भाग झाले, कुणाच्या हातात पिशवी म्हणून दिसली न्हाय. खातात काय, हवा?”

मी ते घरात येऊन जरा नीटनेटकं करून ग्रुपवर टाकायचे. “तीनशे भागांत एकाही पात्राच्या हातात बाजाराची पिशवी नाही, हे लेखकाचं अपयश आहे.” करिश्मा म्हणायची, “बाई, तू पेपरात लिही. तुझा रिव्ह्यू आल्याशिवाय मला जेवण जात नाही.” एकदा रविवारी बार्शीला आम्ही खरोखर थिएटरात गेलो, आरोही रडली म्हणून मध्यंतरातच बाहेर आलो. फरिदाबी म्हणाल्या, “अर्धाच बघितला? बरं झालं. अर्ध्यापतूर समदेच पिक्चर चांगले असतात.” तेही मी माझं म्हणून टाकलं. बटाटा, लांब वेणीवाली ही नावं तर ग्रुपवर कधीच रुळली होती.

मग एप्रिलमधला तो दिवस. त्या दुपारी भिंतीवरून बातमी आली की लांब वेणीवालीला बंगलोरला नोकरी लागली, बटाटाही तिच्याबरोबर निघाला आणि म्हातारी दारात उभी राहिली.

“गेली तर गेली. बरं केलं,” फरिदाबी म्हणाल्या. “म्हातारीनं काय पोरांना दावणीला बांधून ठिवायचं?”

“असं कसं चाची? त्या बटाट्याला लाज वाटायला पाहिजे. आईला एकटीला टाकून बायकोच्या मागं निघाला!”

भिंतीवरचे डोळे थांबले.

“तू सिरियलचं बोलतीस का माझ्या फिरोजचं?”

“अहो चाची, सिरियलचंच! तुमचं काय त्यात?”

“माझ्या पोरानं मला टाकलं न्हाय. मीच जात न्हाय. समजलं?”

आणि डोळे भिंतीखाली गेले. ठोकळ्यावरून उतरल्याचा आवाज आला, मग दाराचा. मी “चाची, ऐका की” म्हणत राहिले. आरोहीनं चमच्यानं तीनदा ठोकलं. पलीकडून काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहापासून गल्लीची लाइट नव्हती. काम निघालंय, साडेबाराला येईल, असं कृष्णराज जातानाच सांगून गेले होते. मी आरोहीला घेऊन अंगणवाडीत गेले, बाराला परत आले. साडेबाराला पंखा फिरला आणि त्याच क्षणी पलीकडं फरिदाबींचा टीव्ही मोठ्यानं सुरू झाला. म्हटलं, आहेत घरात. एवढ्या मोठ्यानं लावलाय म्हणजे राग अजून उतरलेला नाही.

मी मनात वाक्यं जुळवायला लागले. ‘चाची, मी फिरोजभाईंबद्दल एक शब्दही बोलले नव्हते.’ नको, यात फिरोजचं नाव परत येतं. ‘चाची, मालिका बकवास आहे, तिच्यावरून आपण कशाला?’ हे बरं. शेंगदाण्याची चटणी कुटली, वाटीत काढली, झाकली. भिंतीशी गेले, परत आले. दीड वाजला. पावणेदोन. आरोहीला झोपवायला घेतलं तर ती झोपेना, मांडीवरून सरकून चमचा घेऊन परसात. सव्वादोन झाले. टक टक टक, आरोहीनं ठोकलं. पलीकडं टीव्ही तेवढा चालू.

“रुसल्यात गं चाची,” मी तिला म्हटलं.

ग्रुपवर करिश्मानं विचारलं, “रिव्ह्यू कुठाय आज?” मी फोन पालथा ठेवला. तीन व्हायला आले. मी परत भिंतीशी गेले, या वेळी वाटी घेऊन, आणि पहिल्यांदाच पलीकडचा टीव्ही नीट ऐकला.

एक बाई कुकर विकत होती. ‘फक्त आजच्या दिवसासाठी, तीन कुकर, सोबत तवा.’ मी साडेबाराला आरोहीला भरवत होते तेव्हाही ही बाई कुकरच विकत होती. मालिकेच्या सुरुवातीला शंख वाजतो. दीड वाजता शंख वाजला नव्हता.

त्यांचा टीव्ही जुना. लाइट जाऊन आली की तो आपोआप चालू व्हायचा आणि डिशचा डबा आधीचं चॅनल विसरून कंपनीच्या जाहिरातींवर जाऊन बसायचा. फरिदाबींचा त्यावर भारी राग. फिरोजनं रिमोटच्या मागं चिकटपट्टीवर चॅनलचा नंबर लिहून दिला होता. लाइट आली की पहिल्यांदा त्या तो नंबर दाबायच्या. आज अडीच तास कुणी तो दाबला नव्हता.

आरोहीला उचलून मी त्यांच्या पुढच्या दाराला गेले. आतून कडी. हाका मारल्या, दार बडवलं. त्यांचा फोन लावला, तो आत वाजत होता, कुकरवालीच्या मधे मधे ऐकू येत होता. गल्लीत चिटपाखरू नाही, एवढं ऊन. कोपऱ्यावरच्या उत्तरेश्वरकाकांच्या किराणा दुकानाचं शटर दुपारचं बंद. कृष्णराजचा फोन लागेना, खांबावर असतील.

राहिली ती भिंत. पण आरोहीचं काय करू? तिला कडेवर घेऊन भिंत चढता येत नव्हती. घरात एकटी ठेवली तर ओटा, बादली, विजेची बटणं, सगळं डोळ्यासमोर आलं. मी कपाटावरची वायर काढली. सहा महिन्यांची धूळ पुसली, टीव्ही लावला, कार्टून लावलं, तिला समोर बसवलं, पुढचं दार बंद केलं. “इथंच बस सोन्या. हलायचं नाही.” तिचे डोळे लगेच पडद्याला चिकटले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाण्याच्या पिंपावर चढून मी पलीकडं उडी मारली. गुडघा फुटला. उठून उभी राहिले आणि तिथंच थांबले. समोर कुकरवाली. मागं माझ्या घरात कार्टूनचं गाणं. टीव्ही चालू आहे म्हणजे बघणारं तिथं बसलंय, असं समजत जाऊ नको. मला पुढंही जाता येईना आणि मागंही.

“आरोही!” मी ओरडले. ती काय उत्तर देणार होती? “आरोही!!”

मग भिंतीतून आलं. टक टक टक.

टीव्ही सोडून ती भिंतीशी येऊन उभी होती. “वाजवत राहा, बाळा,” मी म्हटलं. “थांबू नको. वाजव.” आणि मी आत गेले.

फरिदाबी मोरीच्या उंबऱ्यावर पडल्या होत्या. एक पाय विचित्र वळलेला, ओठ कोरडे, पण डोळे उघडे. मला बघून त्या म्हणाल्या, “आधी त्या बयेचं तोंड बंद कर.”

मी टीव्ही बंद केला. शांत झालं तसं बाहेरून टक टक टक मोठं ऐकू यायला लागलं.

“अकरा वाजता घसरले,” त्या म्हणाल्या. “हाका मारल्या, तू नव्हतीस. मंग गुंगी आली. जाग आली तवा तुझा आवाज ऐकला मी, तवर लाइट आली आन् ही कुकर विकाय लागली. मी वरडतीय, ती माझ्यावर वरडतीय.” मग माझ्या गुडघ्याकडं बघून, “रक्त आलंय की गं.”

मी त्यांना पाणी पाजलं, पुढची कडी काढली, आरोहीला कडेवर घेतलं आणि उत्तरेश्वरकाकांच्या घरी जाऊन त्यांना उठवलं. त्यांनी टेम्पो काढला. आधी भूमचा दवाखाना, मग बार्शी. खुब्याचं हाड मोडलं होतं. फिरोज संध्याकाळी पोचले, माझ्यासमोर हात जोडून म्हणाले, “वहिनी, तुम्ही होतात म्हणून.” मी होते, हे खरं. भिंतीच्या अलीकडं, वाटीत चटणी काढून, त्या रुसल्यात असं समजून अडीच तास होते, हे मी त्यांना सांगितलं नाही. फरिदाबींनीही भांडणाचा विषय काढला नाही.

ऑपरेशननंतर अडीच महिने त्या पुण्यात राहिल्या आणि वॉकर घेऊन परत आल्या. फिरोजनं खूप विनवलं. त्यांचं एकच, “पुण्यात भिंती लई जाड हायत. पलीकडं कोण हाय ते कळतच न्हाय.” ठोकळ्यावर चढणं मात्र बंद झालं. त्या खाली खुर्चीवर बसायच्या, भिंतीपलीकडून नुसता आवाज यायचा. आरोही त्यांना ‘बी’ म्हणायला लागली. तिचा पहिला शब्द ‘आई’ नव्हता, ‘बी’ होता. मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू.

आणि गेल्या जूनमध्ये कृष्णराजची उमरग्याला बदली झाली. भूम जिल्ह्याच्या एका टोकाला, उमरगा दुसऱ्या. सामान टेम्पोत चढलं तेव्हा मी फरिदाबींच्या पाया पडले. त्या म्हणाल्या, “गेलीस तर गेलीस. बरं केलंस. सिरियलची काळजी करू नको, फोनवर सांगीन.”

तेव्हापासून रोज सव्वादोनला मी फोन करते. आरोही आता वाक्यं बोलते, ती फोन ओढून म्हणते, “बी, भाग सांग.” फरिदाबी सांगतात. मी ते ग्रुपवर टाकते. घरी टीव्ही अजून बंदच आहे. पूर्वी त्यांच्या आवाजामागं टीव्ही ऐकू यायचा. अलीकडं मागं अगदी शांत असतं. मला वाटलं, माझ्याशी बोलायचं म्हणून बंद करतात, आणि मला बरंच वाटलं.

मालिकाही सुधारली होती. लांब वेणीवाली बंगलोरहून परत आली. बटाटा आरशासमोरून हलला. गेल्या सोमवारी तर ती बाजारात गेली, पिशवी भरून मेथी आणि कांदे आणले आणि म्हातारीच्या ओट्यावर ठेवले. मधे पंधरवडाभर ग्रुपवर काही टाकायला जमलं नव्हतं, त्या दिवशी मी लिहिलं, “अखेर पिशवी दिसली! लेखकाला उशिरा का होईना जाग आली.”

करिश्माचा आवाज आला, मागं कुणीतरी खोलीची किल्ली मागत होतं. “अगं कुठली बघतेयस तू? ती मालिका संपून पंधरा दिवस झाले. दुपारी तिथं आता रेसिपीचा कार्यक्रम लागतो. आणि पिशवी कुठली, ती लांब वेणीवाली तर शेवटपर्यंत बंगलोरलाच राहिली!”

मी ते चारदा ऐकलं. ग्रुपवरचे मागचे निरोप काढून बघितले. खरंच, शेवटच्या भागावर चौघी बोलल्या होत्या, मी न ऐकताच पुढं गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “चाची, टीव्ही नीट चालतोय ना?”

“हौ, चालतोय की. त्याला काय धाड भरलीय? ऐक, आज काय झालं...”

आणि त्यांनी मला भाग सांगितला. लांब वेणीवालीनं म्हातारीला डॉक्टरकडं नेलं. छान सांगितला. मला पुढं विचारायचा धीर झाला नाही.

तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. टीव्ही बिघडला असेल आणि फिरोजला त्रास नको म्हणून सांगत नसतील? का पलंगावरून उठून टीव्हीपर्यंत जाताच येत नाही? का डोक्यातच घोटाळा व्हायला लागलाय, त्यांना तो भाग खरोखर दिसतोय? का मालिका संपली म्हटलं की माझा फोन बंद होईल असं वाटतंय? फिरोजना फोन केला, ते म्हणाले, “अम्मी मजेत आहे वहिनी. सकाळी बाई येते स्वयंपाकाला. काल किती हसली माझ्याशी फोनवर.” आमच्या जुन्या घरात आता नवरा-बायको दोघं नोकरीवाले राहतात, दिवसभर कुलूप. उत्तरेश्वरकाका म्हणाले, “काही काळजी नको. आवाज येतो की त्यांचा रोज. दुपारी कुणाशी तरी जोरजोरात बोलत असतात.”

काका, ते माझ्याशी.

मी निघालेच असते. पण परवा आरोहीच्या अंगावर कांजिण्या उठल्या. तिला प्रवास नको आणि तिला घेऊन म्हाताऱ्या माणसाजवळ तर मुळीच नको. निदान दहा-बारा दिवस. मी उमरग्यात घरभर फेऱ्या मारते, पोरीच्या अंगावर औषध लावते, आणि सव्वादोन वाजले की फोन लावून नसलेल्या मालिकेचा भाग ऐकते.

तुमच्यापैकी कुणी भूममध्ये राहत असेल, किंवा आठवडी बाजाराला येणार असेल, तर एवढं करा. स्टँडच्या मागच्या गल्लीत हिरवं दार आहे, शेजारी बंद घर. सव्वादोनला जाऊ नका, तेव्हा त्या मला भाग सांगत असतात. सकाळी जा. दार वाजवा. आतून “हौ, ठीक हाय” असं उत्तर येईल, त्या असंच म्हणतील. तेवढ्यावर फिरू नका. आत जा, पाणी मागा, त्यांना ते स्वतः उठून आणता येतंय का बघा. टीव्हीचं बटण दाबून बघा. आणि स्वयंपाकघरात खुंटीला बाजाराची पिशवी असेल, तिच्यात काही आहे का, तेही हात घालून बघा.